सुभेदार माने आणि सुटलेला बैल

सुभेदार ज्ञानदेव माने यांना सिनेमाची आवड नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणाचा तरी समज व्हायचा की मी एखाद्या रसिकाबद्दल लिहितो आहे. रसिक हा शब्द कानावर आला तरी सुभेदार मान वळवायचे. त्यांच्या कपाटात एकाच मराठी चित्रपटाच्या जेवढ्या प्रती होत्या तेवढ्या त्याच्या निर्मात्याच्या घरीही नसतील. पण त्या चित्रपटाची गोष्ट काय आहे असं विचारलं तर म्हणायचे, "हाय कायतरी. जमिनीचं भांडण, दोघांचं प्रेम, शेवटी देवी पावती. आपल्याला त्याच्याशी काय करायचंय?"

त्यांना काम होतं ते त्यातल्या आवाजाशी.

'सोनजाईची आण' हा तो चित्रपट. कृष्णधवल, गावाकडचा, आता 'अभिजात' म्हणतात त्या रांगेत जाऊन बसलेला. एखादी गोष्ट अभिजात झाली की ती पाहण्याची जबाबदारी संपते, एवढाच मला त्या शब्दाचा अर्थ कळला आहे. सुभेदारांकडे तो टीव्हीवरून भरून घेतलेल्या व्हिडिओ कॅसेटवर होता. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या व्हीसीडीवर होता. साध्या डीव्हीडीवर होता, नंतर पाच स्पीकरांचा आवाज म्हणून गाजावाजा करून काढलेल्या डीव्हीडीवर होता, आणि लोणंदच्या एका मोबाइलच्या दुकानातून भरून आणलेल्या पेन ड्राइव्हवरही होता. प्रत्येकातला आवाज वेगळा, आणि सुभेदारांच्या मते प्रत्येकातला वाईट.

साताऱ्यात गोडोलीच्या वरच्या अंगाला आमची वसाहत आहे. त्यांचं घर माझ्या घरापासून दोन घरं सोडून. ते फौजेत बिनतारी संदेशाच्या पलटणीत होते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. त्यामुळे माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, ते मला 'लायब्ररी' म्हणायचे. माणसाला त्याच्या खात्याच्या नावानं हाक मारायची त्यांची रीत होती. समोरचे कुलकर्णी 'बँक', कोपऱ्यावरचे पवार 'पाटबंधारे'. "आवं लायब्ररी, जरा या हिकडं," अशी हाक आली की समजायचं, कुठल्या तरी आवाजाची तपासणी आहे.

त्यांचा डावा कान गेलेला होता. "त्यो सरहद्दीवर ठिवून आलोय," असं ते सांगत. त्यांची सून शीतल हिचं म्हणणं, तो कान निवृत्तीनंतर एका पुतण्याच्या वरातीत फटाका कानाशी फुटून गेला. मी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या होत्या. काहीही असो, उजव्या कानानं ऐकायचं म्हणून सुभेदार टीव्हीसमोर कधी सरळ बसले नाहीत. खुर्ची आडवी लावायची, उजवा कान पडद्याकडे आणि तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे. समोर सिनेमा चालू असताना हा माणूस सगळा वेळ स्वयंपाकघराचं दार बघत असायचा.

ऐकायची वेळ दुपारची, वसाहत झोपलेली असताना. आधी खिडक्या बंद, मग पंखा बंद. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून पलंगावरच्या गाद्यांखाली. शीतलला कुकर लावायची बंदी. "सायलेन्स!" असा हुकूम सुटायचा, आणि उकाड्यात घाम पुसत आम्ही बसायचो.

एकदा त्यांनी नव्या डीव्हीडीत घरघर शोधून काढली. सगळ्या चित्रपटाखाली सतत एक बारीक घरघर आहे, म्हणाले. दुकानदाराला बोलावून ऐकवली. त्यालाही ऐकू आली. कंपनीला फोन केला. पलीकडे एक मुलगी होती. फोन स्पीकरवर होता, म्हणून हा संवाद मला जसाच्या तसा ऐकायला मिळाला.

"सर, चित्र दिसतंय का?"

"दिसतंय."

"मग प्रॉब्लेम काय आहे सर?"

"तुमची कंपनी चित्राची हाय का आवाजाची?"

"दोन्हीची सर."

"मग निम्मी कंपनी झोपल्याली हाय. उठवा तिला."

पुढं कधीतरी वीज गेली आणि आली, त्या मधल्या शांततेत शीतलनं ओळखलं की घरघर फ्रिजची होती. सासऱ्याला ती "मामा" म्हणायची. "मामा, कंपनीला परत फोन लावून सांगायचं का, फ्रिज आपलाच हाय म्हणून?" असं तिनं विचारलं. सुभेदार गंभीरपणे म्हणाले, "नको. त्येंचं लक्ष राहू दे कामात."

दोष काढण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी पाहिला नाही. देवळातल्या भजनाचा कर्णा, लग्नातला माईक, कॉलेजच्या घंटेचा आवाज, सगळ्यांत काहीतरी कमी असायचं. त्यांच्या तोंडून निघालेली सगळ्यात मोठी स्तुती म्हणजे "चालंल." तीही मी एकदाच ऐकली, आणि ती एका कोकिळेबद्दल होती.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते मला शीतलनं सांगितलं. पुढं स्वतः सुभेदारांनीही सांगितलं, पण त्यांनी ते फौजेतल्या अहवालासारखं सांगितलं.

सुभेदारांच्या पत्नी सुमनकाकी आष्ट्याच्या पलीकडच्या एका गावातल्या. त्या लहान असताना 'सोनजाईची आण'मधल्या बाजाराचं चित्रीकरण त्यांच्या गावात झालं. नायिका बाजाराच्या कडेला उभी राहून नायकाला सांगते की आता ती त्याची वाट बघणार नाही. तिच्यामागे खराखुरा बाजार भरलेला. ती बोलत असतानाच मागे एका शेतकऱ्याचा बैल दावं सोडवून निघाला. बापाचं बोट धरून आलेली परकरातली सुमन ते बघून ओरडली, "आवं मामा, तुमचा बैल सुटला की!" तिला कुणी ओरडायला सांगितलं नव्हतं. बैल सुटला होता म्हणून ती ओरडली. दिग्दर्शकाला ते आवडलं असेल किंवा पुन्हा चित्रीकरण करायचा कंटाळा आला असेल. त्यानं ते तसंच ठेवलं. नायिकेच्या दुःखाच्या मागे, दूरवर, एक मुलगी बैल सुटल्याचं सांगते.

काकींनी हे लग्नानंतर नवऱ्याला पुष्कळदा सांगितलं. नवरा म्हणायचा, "त्या भागातलं एक माणूस असं न्हाई जे शिनेमात न्हाई." एकदा चित्रपट टीव्हीवर लागला तेव्हा सुभेदार सुट्टीवर घरी होते. बाजार आला. काकी म्हणाल्या, "ऐका, आता ऐका." नेमका त्याच वेळी दारात कुणी दोस्त आला, आणि सुभेदार "या, या" म्हणत उठून गेले. परत येऊन बसले तोवर पडद्यावर देवळातलं भजन सुरू झालं होतं. "पुन्यांदा लागंल की कवातरी," सुभेदार म्हणाले.

काकी गेल्या तेव्हा फोनमध्ये आवाज भरून ठेवायची सवय आमच्या वसाहतीत आलेली नव्हती. त्यांचे फोटो भरपूर होते. मुलाच्या लग्नाचा तीन कॅसेटचा व्हिडिओही होता. पण आपल्याकडे लग्नाचा व्हिडिओ करणारा माणूस काय करतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तो घरातला सगळा आवाज पुसून टाकतो आणि त्यावर आधी सनई आणि मग सिनेमातली गाणी चढवतो. त्या व्हिडिओत काकी बोलताना दिसतात, व्याह्यांना आग्रह करताना दिसतात, कुणावर तरी चिडलेल्याही दिसतात. "त्वांड हलतंय मंडळीचं," सुभेदार म्हणाले, "आन आवाज सनईचा."

पत्नीला ते 'मंडळी' म्हणत. तिचं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. त्यांच्या पिढीत ते कुणाच्याच तोंडून ऐकायला मिळत नसे.

म्हणजे जगात काकींचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता: एका चित्रपटात, परकी नायिका बोलत असताना, तिच्या मागे.

एका दुपारी त्यांनी मला तो सगळ्या प्रतींतून ओळीनं ऐकवला. कॅसेट काकींच्या भावानं भरलेली. तिच्यात पाऊस पडल्यासारखी सरसर होती. पण त्या सरसरीतून मुलीचा आवाज अगदी स्वच्छ यायचा: "आवं मामा, तुमचा बै..." आणि तिथंच फीत चुरगळलेली. पुढे खरखर, आणि मग थेट नायक.

"ह्ये धुक्यात हाका मारल्यागत हाय," सुभेदार म्हणाले. "पर माणूस हाय त्यात. आता ह्ये ऐका."

व्हीसीडीत वाक्य पुरं होतं, पण मुलगी पत्र्याच्या डब्यात बसून ओरडल्यासारखी. दुसऱ्या कंपनीच्या व्हीसीडीत मुलगी होती, पण दोन शब्दांवर नायिकेचा हुंदका पडलेला. साध्या डीव्हीडीत सरसर काढायच्या नादात मुलीच्या आवाजाची धार गेलेली. "इस्त्री मारलीय," हा शेरा. पाच स्पीकरांच्या डीव्हीडीत तर कहर होता. ती काढणाऱ्यांना बाजार ओका वाटला असावा. त्यांनी त्यात नव्यानं पाखरं सोडली होती आणि बैलांच्या गळ्यात घुंगरं बांधली होती. मुलगी घुंगरांखाली चेंगरली होती. पेन ड्राइव्हवरच्या प्रतीत तिथं कुठल्याशा वाहिनीचं नाव मोठ्यानं उच्चारलं जायचं.

"एका दमात पुरं वाक्य, स्वच्छ, असं नाहीच कुठं?" मी विचारलं.

"तेच तर हुडकतोय, लायब्ररी."

आणि शोधायला वेळ थोडा होता. उजवा कानही मंद होऊ लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी बारीक आवाज जातात, बायकांचे, मुलांचे, पाखरांचे. जाड आवाज मागं राहतात. हे मला सांगताना सुभेदारांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "म्हंजे तुमी शेवटपतूर ऐकू येणार आमाला," ते म्हणाले. "आमचं नशीब." कानातलं यंत्र त्यांनी आणलं आणि दोन दिवसांत डबीत ठेवून दिलं. त्यातून सगळ्या माणसांचा आवाज एकसारखाच येतो, अशी त्यांची तक्रार होती.

अशातच सांगलीच्या एका सांस्कृतिक मंडळानं जाहीर केलं की 'सोनजाईची आण' नव्यानं, 'मूळ वैभवासह' आणायचा आहे, आणि ध्वनीचं काम पुण्यात होणार आहे. मूळ ध्वनिपट्टी जागोजाग खराब झालेली; म्हणून कुणाकडे जुन्या प्रती असतील तर आणून द्याव्यात. सुभेदारांनी धुतलेला शर्ट घातला, सगळ्या प्रती एका पिशवीत भरल्या, कॅसेट तेवढी छातीशी धरली, आणि आम्ही एस.टी.नं सांगलीला गेलो.

मंडळाच्या कार्यालयात पुण्याहून आलेली ध्वनीतली तज्ज्ञ बसली होती. सायली तिचं नाव. हुशार, मनमिळाऊ, आणि म्हाताऱ्या माणसाचं बोलणं मध्येच न तोडणारी. ही शेवटची गोष्ट हल्ली दुर्मीळ आहे. सुभेदार तिच्यासमोर ताठ बसले आणि त्यांनी इतक्या वर्षांचा साठा मोकळा केला. देवळाच्या दृश्यात गुणगुण आहे. पाटलाच्या वाड्यावर दार लागतं त्याच्या आधीच दाराचा आवाज येतो. गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात टिचकी आहे. नदीवर कुणीतरी खोकतं, ते सिनेमातलं माणूस नाही. सायली भराभर टिपून घेत होती आणि मध्ये मध्ये "कमाल आहे आजोबा!" म्हणत होती.

सगळ्यात शेवटी सुभेदार थांबले. घसा साफ केला.

"आन त्यो बाजार," ते म्हणाले. "बाई बोलती त्येच्या मागं एक पोरगी वरडती. बैल सुटला म्हणून. दुसरीकडं कुठं नीट ऐकू येत न्हाई. माझ्या कॅसेटमधी स्पष्ट हाय. शेवटचे शब्द व्हीसीडीत घावतील."

"अरे हो! ते आमच्याकडे फारच अंधुक आहे," सायली म्हणाली. "बरं झालं सांगितलंत. मी स्वतः करते ते."

मी तोंड उघडणार होतो. सुभेदारांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा पुसायला घेतला.

परतीच्या एस.टी.त मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो आणि विचारलं, "तिला सांगितलं का नाही, कुणाचा आवाज आहे ते?"

"काय सांगायचं? म्हातारा बायकोचा आवाज हुडकत सांगलीपतूर आलाय म्हणून?"

"त्यात काय लाजायचं?"

"आवं, परकी पोरगी ती. तिच्याम्होरं मंडळीचा विषय कसा काढायचा?" थोड्या वेळानं ते म्हणाले, "हुशार हाय पोरगी. करंल." उंब्रज गेल्यावर पुन्हा म्हणाले, "स्वतः करते म्हणाली न्हवं?"

प्रदर्शनाला वेळ लागला. त्या महिन्यांत सुभेदारांचा कान आणखी उतरला. शीतल आधी दारातून बोलायची, आता कानाजवळ येऊन बोलायला लागली. पण त्यांची घाई गेली होती. आता ते वाट बघत होते, आणि जुन्या प्रतींकडे भाड्याच्या घराकडे बघावं तसं बघत होते.

समारंभ सांगलीतच झाला. ध्वनीचा समारंभ असल्यामुळे माईक सुरुवातीपासून शिट्टी मारत होता. दीपप्रज्वलनाच्या वेळी पंखा चालू राहिला, त्यामुळे पाहुण्यांनी समई लावली, ती विझली, पुन्हा लावली, आणि शेवटी एका पदाधिकाऱ्यानं वातीभोवती हात धरून परंपरेचं रक्षण केलं. प्रमुख पाहुण्यांनी चित्रपट लहानपणी पाहिल्याचं सांगितलं. त्यांनी सांगितलेली गोष्ट मात्र दुसऱ्याच चित्रपटाची होती. मग जुन्या प्रती देणाऱ्यांचा सत्कार झाला. 'ध्वनीचे निष्ठावंत उपासक' अशी ओळख करून सुभेदारांना शाल पांघरण्यात आली आणि हातात नारळ देण्यात आला. त्यांनी सलाम ठोकला. टाळ्या पडल्या.

चित्रपट सुरू झाला. पुढच्या रांगेत कडेची खुर्ची मागून घेऊन सुभेदार आडवे बसले होते, उजवा कान पडद्याकडे, तोंड प्रेक्षकांकडे. मागच्या रांगेतल्या बायकांना ते आपल्याकडे का बघतायत ते कळेना.

आवाज खरंच अप्रतिम झाला होता, हे मान्य करायला हवं. देवळातली गुणगुण गेली. नदीवरचा खोकला गेला. दार वेळेवर लागलं. प्रत्येक वेळी सुभेदार मान हलवत होते, स्वतःची कामगिरी मोजत असल्यासारखे.

मग बाजार आला. नायिका बोलू लागली. आवाज इतका स्वच्छ की तिच्या श्वासातलं पाणी ऐकू यावं. तिच्या मागे बैल सुटला. माणसं पळाली. शेतकरी दावं घेऊन धावला. आणि कुणीही ओरडलं नाही.

सुभेदार तसेच बसून होते. मला वाटतं, पहिल्यांदा त्यांना वाटलं असावं की कान दगा देतोय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही ओरडणं ऐकू आलं नव्हतं. मी मान हलवली. मग त्यांना कळलं.

मध्यंतरात सायली धावत आली. तिच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता.

"आजोबा, ती मुलगी काढली बरं का! सगळ्यात अवघड काम तेच होतं. नायिकेच्या आवाजात ती अगदी गुंतलेली होती. तुमच्या कॅसेटमुळे तिचा आवाज नेमका ओळखता आला, म्हणून तर वेगळा करता आला. नाहीतर जमलंच नसतं."

हे तिला त्यांच्या कानाशी येऊन मोठ्यानं सांगावं लागलं. आसपासच्या चार लोकांनी वळून कौतुकानं पाहिलं.

सुभेदारांनी ऐकून घेतलं. खांद्यावरची शाल सारखी केली.

"साफ झालंय," ते म्हणाले. "चांगलं काम केलंत."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी पुन्हा चष्मा पुसला.

परतताना आष्ट्याचा फाटा मागं पडला. पार पुढं आल्यावर, समोरच्या सीटकडे बघत म्हणाले, "पोरीचा काय दोष न्हाई. मी तिला समद्या चुकाच सांगत बसलो. तिला वाटलं, ही बी एक चूक." मग म्हणाले, "एक शब्द बोलायचा व्हता. घरातलं माणूस हाय म्हणून. तेवढा न्हाई निघाला त्वांडातनं."

त्यानंतर त्यांनी एकही प्रत लावली नाही. मंडळानं कॅसेट परत पाठवली, तीही पाकिटातून काढली नाही. दुपारी खिडक्या उघड्या राहू लागल्या. पंखा फिरायचा, कुकर शिट्ट्या द्यायचा. शीतल मला म्हणाली, "काका, कायतरी करा. मामा कशालाच नाव ठेवंनात."

मी सायलीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी तो आवाज वेगळा केला होता. फेकला नसेल. शोधते." पण तोवर तिनं ती नोकरी सोडली होती. काढलेला आवाज जुन्या जागी कुठल्या डिस्कवर आहे हे शोधायला आणि तो मागून घ्यायला तिला सबंध पावसाळा लागला. सुभेदारांना मी काही सांगितलं नाही. एकदा वाट बघून झाली होती.

एका सकाळी तो माझ्या फोनवर आला. मी ऐकला. नायिका नाही, बाजार नाही, सरसर नाही, घुंगरं नाहीत. नुसती एक मुलगी, एका दमात: "आवं मामा, तुमचा बैल सुटला की!" इतकी जवळ की मी दचकून मागे पाहिलं. कॅसेटमधला पहिला भाग आणि व्हीसीडीतला शेवट सायलीनं असा जोडला होता की सांधा कळत नव्हता.

तसाच त्यांच्या घरी गेलो. सुभेदार ओट्यावर बसले होते. त्या दिवसांत ते माणसाच्या ओठांकडे बघून बोलायचे. मी आणि शीतलनं ओरडून, खुणांनी काय आहे ते सांगितलं. ते उठले, आत गेले, खुर्ची आडवी केली, बसले. मी फोन उजव्या कानाशी धरला आणि आवाज होता तेवढा वाढवला.

ते थांबले. मी पुन्हा लावला.

"चालू केलंय का?" त्यांनी विचारलं.

शीतलनं फोन टीव्हीच्या स्पीकरला जोडला. खिडकीच्या काचा थरथरल्या. सुभेदारांनी डोळे मिटले. "पाखरू हाय का कायतरी," ते म्हणाले. तिसऱ्या वेळी म्हणाले, "व्हय. पाखरागत येतंय." कानातलं यंत्र डबीतून काढून लावलं, त्यातून नुसती शिट्टी आली. ते त्यांनी डबीत ठेवलं, डबी बंद केली आणि हात मांडीवर ठेवले.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमाला ऐकू येतंय न्हवं?"

मी मान हलवली.

"पुरं हाय?"

पुरं आहे, असं मी हातानं सांगितलं.

"शीतल," ते म्हणाले, "तू ऐक. आन म्हणून दाव मला. तिच्यागत."

शीतलनं ते दोनदा ऐकलं. तिनं पदर खोचला, सासऱ्याच्या कानाशी वाकली आणि छातीतून जाड आवाज काढून ओरडली, "आवं मामा, तुमचा बैल सुटला की!"

समोरच्या घरातून बँक गॅलरीत आले. "अहो, कुणाचा बैल?" त्यांनी घाबरून विचारलं. आमच्या वसाहतीत बैल येऊन जमाना झाला होता. मी त्यांना हातानंच आत जायला सांगितलं.

सुभेदारांची मान तिरकी झाली होती. कपाळाला आठी पडली होती. कित्येक महिन्यांत ती आठी दिसली नव्हती.

"न्हाई," ते म्हणाले. "तू भांडायला आल्यागत वरडतीयास. तिला मजा वाटत्या. बैल सुटल्याची मजा वाटत्या तिला. 'मामा'वर जरा हसायचं."

शीतलनं पुन्हा ऐकलं, पुन्हा वाकली, पुन्हा ओरडली.

"आता 'की' तोडलास. ती तोडत न्हाई. लांबवती."

"मामा, तुमी कवा ऐकलं व्हतं ओ तिला लांबवताना?" शीतलनं ओरडून विचारलं.

"जलमभर," सुभेदार म्हणाले. "चल. पुन्यांदा."

मी चपला घातल्या. तिथं माझं काम राहिलं नव्हतं. फाटकाशी आलो तेव्हा शीतलचा आवाज बसत चालला होता तरी ती ओरडत होती. उघड्या खिडकीतून सुभेदार दिसत होते: आडव्या खुर्चीत, तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे, कानामागे तळहात, आणि दुसऱ्या हाताचं बोट वर धरलेलं, अजून बरोबर आलेलं नाही म्हणून.